व्यापारचिन्ह नोंदविण्यापूर्वी

बचतगटाच्या मसाल्याला नाव मिळते आणि पुष्कळदा लगोलग पाकिटेही छापली जातात. तेच नाव दुसऱ्याने आधी नोंदविलेले निघाले, तर पाकिटे रद्दीत जातात; प्रसंगी न्यायालयाची पायरीही चढावी लागते. म्हणून अर्जापूर्वी नावाचा शोध घेणे अगत्याचे आहे. व्यापारचिन्ह निबंधक कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य घेता येतो. वस्तू व सेवांचे ४५ वर्ग आहेत. मसाला ३० व्या वर्गात मोडतो, लोणचे मात्र २९ व्या वर्गात, मग दोन्ही एकाच स्वयंपाकघरातून का निघेनात!

तंतोतंत तेच नाव आढळले नाही, एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे ठरते. 'अमृतधारा' या औषधाच्या मालकांनी 'लक्ष्मणधारा' या नावास हरकत घेतली होती. दोहोंचे अर्थ भिन्न. तथापि सामान्य ग्राहक शब्दांची फोड करीत बसत नाही, अर्धवट आठवणीवर आणि उच्चारसाम्यावर जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली मानले. दीर्घकाळ हरकत न घेतल्यामुळेच 'लक्ष्मणधारा'ची नोंदणी झाली, तीही उत्तर प्रदेशातील विक्रीपुरती. तेव्हा नाव मोठ्याने उच्चारून पाहावे व त्याच्या जवळपासची नावेही शोधावीत.

नोंदवहीत नसलेल्या, परंतु आधीपासून वापरात असलेल्या नावासही कायदा संरक्षण देतो. त्यासाठी बाजारपेठेत एक फेरी मारणेच इष्ट. स्वीकृत अर्ज व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध झाल्यावर चार महिन्यांपर्यंत कोणासही हरकत घेता येते. पाकिटांची मोठी छपाई तोवर थांबविलेली बरी.