सण, सोस आणि मूर्तीची उंची

सण माणसासाठी की माणूस सणासाठी, हा प्रश्न निबंधाच्या वहीतला वाटतो. पण २०२५ साली तो आपल्या कांदिवलीत भर मांडवात उभा राहिला. चारकोपच्या राजाची माघी गणेशोत्सवातील मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची होती. जानेवारीअखेर मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्तींवरील बंदी काटेकोर पाळण्यास बजावले होते. त्यामुळे विसर्जन अडले, आणि निरोपाला निघालेला देव सुमारे सहा महिने ताटकळला. ऑगस्टमध्ये विसर्जन झाले.

प्रदूषणाची चर्चा पुष्कळ झाली, आणि ती योग्यच होती. मला मात्र निराळा प्रश्न पडतो: प्लास्टर आपण पत्करले कशासाठी? शाडूची मूर्ती जड, वाळताना तडकणारी. तिची उंची आपोआप बेताची राहते. प्लास्टर हलके, स्वस्त, साच्यातून गुळगुळीत निघणारे. उंच आणि निर्दोष मूर्तीचा सोस आणि प्लास्टर, दोघांनी एकमेकांना वाढवले. वास्तविक पार्थिव पूजनाची कल्पना अगदी उलट आहे. मातीची मूर्ती करावी, पूजावी, पाण्यात सोडावी. जी दीड दिवसात विरघळायची, तिच्यात खोट ती काय काढायची?

व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली, ती मुख्यतः धनिकांना समोर ठेवून. आपल्याकडे तोच दिखावा उसनवारीवरही चालतो!

२०२० साली करोनामुळे शासनाने सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची व घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली. लालबागच्या राजाच्या मंडळाने तर नेहमीची मूर्ती न बसवता रक्तदान, प्लाझ्मादान असा आरोग्योत्सव केला. तरी सण झालाच.

घराघरांत हाच सोस मोदकाच्या कळ्यांवर उतरतो. आमची आई चार घरच्या पोळ्या लाटते. चतुर्थीला ती पहाटे तीनला उठून उकड काढी. उकड जरा सुकली की पारी चिरते, आणि पाहुणे चव घेण्याआधी कळ्या मोजतात. (मोजणारे स्वतः कधी पारी वळत नाहीत, हे माझे निरीक्षण.) गेल्या भाद्रपदात आम्ही भावंडांनी ठरवले की नैवेद्यापुरते पाच मोदक करायचे, बाकी उकडीत मीठ, जिरे, मिरची घालून निवगऱ्या थापायच्या नि वाफवायच्या. त्या आम्हीच थापल्या. "एकवीस नाहीत?" असे आत्यांनी दोनदा विचारले. आई काही बोलली नाही. मात्र दरवर्षी हात पुसत धावत येणारी आई त्या दिवशी आरतीला आधीपासूनच पुढे उभी होती.