दुकानाचा गल्ला आणि फोनवरचा बाजार

शिरूरच्या बाजारपेठेत काय किंवा दौंडच्या स्टेशनजवळ काय, दुकानदारांच्या तोंडी एक तक्रार हमखास ऐकावयास मिळते. गिऱ्हाईक कापड दुकानात हाताळते आणि माल मागविते फोनवरून! तक्रार खोटी नाही. परंतु म्हणून लगेच 'आपणही ऑनलाइन विकू' असे ठरविण्यापूर्वी व्यापारी व कारागीर बांधवांनी कागदावर हिशेब मांडावा.

समजा, एक शिंपी ५०० रुपयांना तयार ड्रेस विकतो. कापड व शिलाईचे ३५० रुपये वजा जाता १५० उरतात. ऑनलाइन कंपनीचे कमिशन व पाठवणीचे मिळून ९० रुपये गेले, तर हाती ६० पडतात. दहांपैकी दोन ड्रेस माप बसले नाही म्हणून परत आले आणि प्रत्येकी ८० रुपये परतीचा खर्च विक्रेत्यावर पडला, तर आठ ड्रेसांच्या ४८० रुपयांतून १६० जातात. दहा ड्रेस शिवून शिल्लक ३२० रुपये! शिवाय परत आलेला माल चुरगळलेला असतो आणि तेवढे भांडवल अडकते ते वेगळेच.

दुकानात तेच दहा ड्रेस १५०० रुपये देतात, मात्र भाडे व वीजबिल विक्री न झालेल्या दिवशीही भरावे लागते. आणि उधारी? ऑनलाइन विक्रीत ती नाही, ही मोठी सोय होय. आपल्याकडे कित्येक दुकाने स्पर्धेने नव्हे तर उधारीने बसली आहेत.

कायद्याची बाजूही पाहावी. पूर्वी अशा कंपनीमार्फत माल विकण्यास, उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून, मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या महाराष्ट्रातील विक्रेत्यास राज्यातल्या राज्यात विकण्यापुरती यातून सूट आहे. पॅनच्या आधारे जीएसटीच्या पोर्टलवर फक्त एक क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे दौंडहून नागपूरला माल जाईल, बेळगावला पाठवायचा तर नोंदणी हवीच.

तेव्हा मापाचा प्रश्न नसलेला माल, जसे चादरी, तवे, पितळी भांडी, प्रथम थोड्या नगांनी ऑनलाइन लावून पाहावा. मापाचे कपडे दुकानातच ठेवावेत. ईदच्या आदल्या रात्री बाही आखूड करून देणे कोणत्याही कंपनीला जमणारे नाही! न्हावरा, पाटस, केडगावच्या गिऱ्हाइकांना मालाचे फोटो फोनवर पाठवावेत, पैसे यूपीआयने घ्यावेत आणि दोन्ही विक्रींची वही मात्र वेगवेगळी ठेवावी.