बिट सरकला की खण अडला

खण रोज ओढला जातो आणि सगळी ओढ दर्शनी फळीवर येते. तिथं नुसते खिळे आणि फेविकॉल फार काळ टिकत नाहीत. डव्हटेल सांध्यात बाजूच्या फळीचे टोकाकडे रुंद होत गेलेले दाते दर्शनी फळीच्या खाचांत अडकतात, त्यामुळे फळी पुढं ओढून निघत नाही. हा सांधा पटाशी-करवतीनं कापायला मुरलेला मिस्त्री लागतो आणि वेळही. भाईंदर पूर्वेच्या आमच्या गाळ्यात खाचा कोरणारं राऊटर यंत्र आणि त्याला वाट दाखवणारा दातेरी साचा, म्हणजे जिग, आले ते याच कारणानं.

एका कपाटाचे सागवानी खण कापायला घेतले होते. चाचणीचा सांधा लाकडी हातोडीच्या दोन टिचक्यांत बसला, म्हणून सगळ्या फळ्या एका दमात कापून झाल्या. जोडणीला सुरुवातीचे खण छान बसले, मग घट्ट होत गेले, आणि शेवटच्या खणाची दर्शनी फळी हातोडीखाली उभी चिरली. आधी लाकडाला नावं ठेवली गेली, मग जिगला. शेवटी फळ्या कापल्या त्या क्रमानं मांडून खाचांची खोली मोजली, तर ती फळीगणिक वाढत गेलेली. बिट कॉलेटमधून, म्हणजे राऊटरच्या बिट धरणाऱ्या पकडीतून, खाली सरकत होता; खोली वाढली की सांधा घट्ट होतो.

बिटची दांडी ६ मि.मी.ची होती आणि कॉलेट पाव इंची, म्हणजे ६.३५ मि.मी.चं. पाना मारला की आवळल्यासारखं वाटतं, पण पकड पुरी बसत नाही. आपल्याकडे दोन्ही मापं सर्रास विकली जातात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर जा नाहीतर ऑनलाइन मागवा, आधी आपल्या कॉलेटवरचं माप वाचा आणि तीच दांडी घ्या. मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे घेणारा बिट निसटला तर फळीवर भागत नाही, हात जातो.

दांडी कॉलेटमध्ये पूर्ण घालून दोन-तीन मि.मी. बाहेर घ्या आणि मग आवळा. बिट बदलताना प्लग काढलेलाच हवा. बिटवर मार्करनं रेघ मारून ठेवली की सरकलेला लगेच कळतो. चाचणीचा तुकडा त्याच लाकडाचा, त्याच जाडीचा घ्या; पाइन दाबून बसतं, सागवान फुटतं. सांधा ढिला आला तर बिट किंचित खाली घ्या, घट्ट आला तर वर. दर दोन-तीन खणांनंतर खोली पुन्हा मोजा.

जिगमध्ये बाजूची फळी पुढं उभी आणि दर्शनी फळी वर आडवी लागते. खणाची आतली बाजू दोन्हींत बाहेर दिसली पाहिजे. पेन्सिलीनं आधीच ‘आत’ लिहून ठेवा. डव्हटेल बिट खाली रुंद असतो, म्हणून टप्प्याटप्प्यानं खोल जाता येत नाही; पूर्ण खोली एकदाच. कापून झाल्यावर राऊटर कधीही वर उचलू नका, बिट जिगचे दाते खाऊन टाकतो. बटण बंद करा, बिट थांबू द्या आणि मगच राऊटर सपाट आपल्याकडे ओढा. चष्मा, मास्क आणि कानाला बोळे हवेतच. सागाचा भुसा घशाला झोंबतो.

आणि हवेचा हिशेब ठेवा. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला उत्तनचा समुद्र, त्यामुळे आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतंच. फळी रुंदीत फुगते, म्हणजे खणाची उंची वाढते. मे महिन्यात केलेल्या खणाला वर जास्त फट सोडा, ऑगस्टमध्ये केलेल्याला कमी. नाहीतर जुलैत खण अडल्याचा गिऱ्हाइकाचा फोन येतो, आणि तेव्हा सांधा कितीही नेटका असला तरी रंधा घेऊन त्याच्या घरी जावं लागतं.