संगणकावर नक्षीकाम : दोन चौकोनांपासून सुरुवात

लग्नपत्रिका, कशिदा, फरशी, दुकानाची पाटी अशा कितीतरी धंद्यांत नक्षी लागते. अकोला-अमरावतीतील होतकरू मुले बहुधा तयार नक्षी उचलतात. पण तीच नक्षी शेजारच्या दुकानातही असते. मग गिऱ्हाईक फक्त भावावर घासाघीस करते. स्वतःची नक्षी हवी असेल तर संगणकाला आज्ञा लिहून ती काढता येते. चित्रकला यायलाच हवी असे नाही.

या कामासाठी 'प्रोसेसिंग' ही प्रणाली केसी रीस व बेन फ्राय यांनी अमेरिकेत २००१ साली सुरू केली. तिच्याच धर्तीवर लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ साली 'पी फाइव्ह जेएस' आणली. ती फुकट असून इंटरनेटवर थेट चालते.

आता पहिला धडा. अचलपूरचा हौज कटोरा अष्टकोनी आहे. तो अष्टकोन आपण काढू. आज्ञा इंग्रजीत अचूक लिहाव्यात. लहान-मोठ्या अक्षरांची चूकही चालत नाही.

१) 'सेटअप' भागात ४०० बाय ४०० चा कॅनव्हास घ्यावा, कोन अंशांत व चौकोन मध्यबिंदूपासून मोजायला सांगावे, आतला रंग बंद करावा.

२) 'ड्रॉ' भागात 'ट्रान्सलेट'ने मध्यावर, म्हणजे २००, २०० वर यावे. तेथे २०० बाजूचा चौकोन काढावा.

३) 'रोटेट'ने ४५ अंश फिरवून तोच चौकोन पुन्हा काढावा.

आठ टोकांचा तारा तयार, आणि त्याच्या पोटात अष्टकोन! चौकोन ९० अंशांनी फिरवला की पूर्वीसारखाच दिसतो, म्हणून निम्मे ४५ घेतले. २२.५ अंशांनी फिरवत एकूण चार चौकोन काढले तर सोळा टोके येतात. एक आकडा बदलला की नवी नक्षी!

छपाईला देताना मात्र जपावे. छपाईस इंचाला ३०० ठिपके धरतात. ४०० ठिपक्यांचे चित्र जेमतेम १.३ इंच नीट छापले जाते. सहा इंची पत्रिकेला १८०० ठिपके हवेत. कॅनव्हास, मध्यबिंदू, चौकोन आणि रेघेची जाडी, सारे साडेचार पट करावे. हे विसरले तर कागद वाया आणि गिऱ्हाईकही नाराज.

महिनाभर रोज एक नक्षी करून पाहावी. त्यानंतरच क्लासची फी भरायची की नाही ते ठरवावे, असा आमचा सल्ला आहे.