रस्त्यांवरील दिवे आणि प्रकाशाची काटकसर

दिव्याचें काम प्रकाश देण्याचें, हें लहान मुलासहि ठाऊक आहे. परंतु तो प्रकाश कोठें, केव्हां आणि किती असावा, याचा विचार करणारे थोडेच. रस्त्यांवरील दिव्यांच्या बाबतींत हाच विचार आम्ही येथें विद्यार्थ्यांपुढें मांडीत आहों.

मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ सालीं गॅसचे दिवे लागले. पुढें वीज आली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सोडियमच्या बाष्पाचे पिवळे दिवे शहरोशहरीं दिसूं लागले. या दिव्याचा प्रकाश चोहोंकडे फांकतो. रस्ता तर खालीं असतो. म्हणून पुष्कळसा प्रकाश परावर्तकानें खालीं वळवावा लागतो व त्यांत कांहीं वायां जातो.

एलईडी दिव्याची रचना निराळी आहे. त्यांत अर्धवाहक पदार्थाच्या इवल्याशा तुकड्यांतून वीज वाहूं लागतांच प्रकाश निघतो, आणि तो बहुतांशीं एकाच बाजूस जातो. निळा प्रकाश देणारा असा दिवा सिद्ध केल्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कारण त्यामुळेंच पुढें पांढरा प्रकाश साधला.

अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरानें २००९ पासून सुमारें चार वर्षांत १,४०,००० दिवे बदलले, तेव्हां त्यांस लागणारी वीज निम्म्याहूनहि कमी झाली. आपल्या देशांतहि ५ जानेवारी २०१५ रोजीं अशीच राष्ट्रीय योजना सुरू होऊन पुढें एक कोटीहून अधिक दिवे बसविण्यांत आले. खांबावर नियंत्रक असल्यास रहदारी विरळ होतांच दिवा आपोआप मंद करतां येतो, आणि तो बिघडल्याची वर्दी कचेरींत तत्काळ पोंचते.

मात्र एक सावधगिरी हवी. प्रकाश स्वस्त झाला, कीं माणूस तो उधळूं लागतो. उपग्रहावरून केलेल्या पाहणींत २०१२ ते २०१६ या काळांत पृथ्वीवरील दिव्यांनीं उजळलेलें क्षेत्र दरवर्षीं सुमारें दोन टक्क्यांनीं वाढल्याचें आढळलें. रात्रीं प्रखर निळसर प्रकाशानें झोपेंत व्यत्यय येतो, कीटक व पक्षी वाट चुकतात, तारे दिसेनासे होतात. महाराष्ट्रांतील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ सालीं आकाशाचा अंधार राखल्याबद्दल आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठीं जवळच्या गांवांतील दिवे जमिनीकडे तोंड करून बसविण्यांत आले.

तात्पर्य, विजेची बचत नुसत्या नव्या दिव्यानें पुरी होत नाहीं. दिवा योग्य जागीं, योग्य वेळीं व बेतानें लावावा लागतो. आज सायंकाळीं आपल्या रस्त्यावरील एक दिवा विद्यार्थ्यांनीं अवश्य न्याहाळावा. त्याचा प्रकाश वाटसरूच्या पायांपाशीं किती पडतो, आणि झाडांच्या शेंड्यांवर किती, हें पाहिलें म्हणजे हा धडा पुस्तकावांचून समजेल.