मालाचें मोल व बाजारांतील भाव

‘कष्ट आमचे, पण भाव दुसऱ्याचा’ ही तक्रार प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडीं असते. भाव खरोखर कशानें ठरतो, याचा विचार आम्ही या पाठांत करणार आहों.

मालाचें मोल त्यांत पडलेल्या श्रमांवर अवलंबून असतें, हें मत ॲडम स्मिथ यांनीं १७७६ सालीं मांडलें व रिकार्डो यांनीं १८१७ सालीं विस्तारानें सांगितलें. मार्क्स यांनीं १८६७ सालीं त्यास मर्यादा घातली कीं, कोणी कितीही श्रम केले तरी साधारण अवजारांनीं व साधारण कौशल्यानें जेवढे लागतात तेवढेच मोजावयाचे. समजा, दहा क्विंटल ज्वारीस एकाचे साठ दिवस लागले व दुसऱ्याचे नव्वद; बाजार दोघांसही एकच भाव देतो.

शिवाय रोजचा भाव केवळ श्रमांनीं ठरत नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, तेथील कापूस इंग्लंडांतील गिरण्यांस मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेशांतील कापसाचा भाव कित्येक पटींनीं चढला. १८६५ सालीं युद्ध संपतांच तो कोसळला. निंदणी-वेचणीचे श्रम मात्र दोन्ही वेळां तेवढेच होते.

मग श्रमांचा हिशेब व्यर्थ काय? मुळींच नाहीं. भाव खर्चाखालीं गेला कीं कारखानदार उत्पादन आंखडतो. शेतकरी पेरल्यावर थांबूं शकत नाहीं, आणि घरच्या माणसांच्या श्रमांस किंमत न धरतां पुढील हंगामींही पेरतो. म्हणूनच शेतमालाचा भाव श्रमांच्या मोलाखालीं वर्षानुवर्षें राहूं शकतो.

१९६५ सालीं नेमलेला कृषि मूल्य आयोग, ज्यास आज कृषि खर्च व मूल्य आयोग म्हणतात, हा खर्च निरनिराळ्या रीतींनीं मोजतो: प्रत्यक्ष केलेला खर्च, त्यांत घरच्या श्रमांची किंमत मिळवून होणारा खर्च, आणि त्याशिवाय स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचें व्याज धरून होणारा खर्च. २०१८-१९ च्या अंदाजपत्रकांत जाहीर झालेला दीडपट आधारभाव दुसऱ्या खर्चावर धरला गेला. शेतकरी संघटनांची मागणी तिसऱ्याची आहे. सारा वाद या एका फरकाचा आहे.

यास्तव आमची विनंती कीं, प्रत्येक वाचकानें या हंगामांत घरच्या बायकामाणसांचे शेतांतील दिवस वहींत टिपावे व गांवच्या चालू मजुरीनें गुणावे. एवढ्यानें भाव वाढणार नाहीं. परंतु आपण माल विकला कीं त्याबरोबर घरचे किती दिवस फुकट दिले, हें तरी निश्चित कळेल.