माणसे किती, जमीन किती?

वाशीम जिल्ह्यातील आसेगाव येथील शेतकऱ्यास जमिनीचे माप विचारले, तर तो एकरांत सांगतो. जनगणनेचे तक्ते मात्र दर चौरस किलोमीटरास किती माणसे, हे सांगतात. यालाच लोकसंख्येची घनता म्हणतात. एकूण लोकसंख्येस एकूण क्षेत्रफळाने भागले म्हणजे घनता निघते. एक चौरस किलोमीटर म्हणजे १०० हेक्टर, अथवा सुमारे २४७ एकर. एवढे ध्यानात ठेवले की तक्त्यातील आकडा शेतकऱ्याच्या मापात उतरविता येतो.

२०११ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० व घनता २४४ होती. म्हणजे माणशी सुमारे एक एकर भूमी. महाराष्ट्राची घनता ३६५, म्हणजे माणशी सुमारे २७ गुंठे. गडचिरोलीची घनता अवघी ७४, म्हणजे माणशी तीन एकरांहून अधिक. उलट मुंबई उपनगर जिल्ह्यात एकेका एकरात सरासरी ८५ माणसे.

यावरून गडचिरोलीचा शेतकरी वाशीमच्या शेतकऱ्याहून तिप्पट सधन आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तेथील बरीचशी भूमी वनांनी व्यापलेली आहे. मुंबईची उपजीविका उद्योग व व्यापारावर चालते आणि तिचे धान्य बाहेरून येते. म्हणून ज्या गावी पोट शेतीवर आहे, तेथे लागवडीयोग्य जमिनीवरूनच हिशेब करणे युक्त होय.

समजा, एखाद्या गावाची लोकसंख्या १,५०० व क्षेत्र ८०० हेक्टर आहे. तेथील घनता सुमारे १८८ येते. परंतु गावठाण, गायरान, रस्ते, नाले व पडीक वजा जाता लागवडीस ६०० हेक्टरच उरले, तर त्या जमिनीवरील भार चौरस किलोमीटरास २५० होतो. माणशी ४० आर, म्हणजे जेमतेम एक एकर येते. हीही सरासरीच, भूमिहीन कुटुंबाच्या वाट्यास त्यातील एक गुंठाही येत नाही.

१९६१ साली महाराष्ट्राची घनता १२९ होती. पन्नास वर्षांत ती जवळजवळ तिप्पट झाली. भूमी मात्र तेवढीच राहिली. आठ एकरांच्या धन्यास चार वारस असले, तर प्रत्येकाच्या हाती दोन एकर येतात, आणि नवीन बांधांखाली जमीन जाते ती वेगळीच.

क्षेत्र वाढविणे कोणाच्याही हाती नाही. त्याचा कस व ओल वाढविणे हाती आहे. बांधबंदिस्ती, शेततळे, सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक, ओल असेल तेथे रब्बीचा हरभरा, ही एकरास बळ देणारी साधने होत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने तलाठी दप्तरातील क्षेत्र व जनगणनेतील लोकसंख्या घेऊन हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडावा. माणशी किती गुंठे उरले, हे ज्या गावास कळले, ते गाव पावसाचे पाणी सहसा वाहून जाऊ देणार नाही.